डब्ल्यू-पुरणपोळी चालेल का?

ग्राहकाच्या ईमेलला जोडलेली बिल्ड लॉगची, म्हणजे कोडपासून प्रोग्राम बांधताना झालेल्या नोंदींची, फाइल उघडली. चार हजारांवर ओळी, आणि जवळजवळ प्रत्येक ओळीचं म्हणणं एकच: हा वॉर्निंगचा पर्याय माझ्या ओळखीचा नाही. ईमेलमधला मजकूर एवढाच की ‘हे असंच येतं का?’ बिल्ड पूर्ण झाला होता, प्रोग्राम चालत होता. तरी मला लाज वाटली. आपला कोड दुसऱ्याच्या मशीनवर एवढी बडबड करत असेल, तर त्या बडबडीत एखादी खरी वॉर्निंग आली तरी ती वाचणार कोण?

आमची लायब्ररी सी भाषेतली. हवामान केंद्रांवर बसवलेल्या डेटा लॉगरमधून पाऊस, तापमान, वारा यांच्या नोंदी ती काढून देते. पुण्यात आम्ही तिघं ती सांभाळतो. तयार बायनरी आम्ही देत नाही, सोर्सचा टारबॉल, म्हणजे सगळ्या फाइलींचं एक गाठोडं, देतो, आणि ज्याने त्याने तो आपापल्या मशीनवर बांधून घ्यायचा. आधी ‘कॉन्फिगर’, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. त्यामुळे आमचा कोड कुठल्या कंपायलरच्या, म्हणजे कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या, हाती पडेल ते आम्हाला शेवटपर्यंत ठाऊक नसतं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. कंपायलरचे पर्याय, म्हणजे फ्लॅग, डॅशने सुरू होतात. वॉर्निंगचा फ्लॅग असेल तर डॅशनंतर मोठा डब्ल्यू. बोलताना आम्ही डॅश गाळतो आणि ‘डब्ल्यू-ऑल’, ‘डब्ल्यू-एरर’ असं म्हणतो. इथेही तसंच लिहितो.

तर झालं होतं असं. कितीतरी वर्षं आमच्या मेकफाइलमध्ये, म्हणजे बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये, फ्लॅगची एक लांबलचक ओळ ठोकून बसवलेली होती. आम्ही जीसीसी हा कंपायलर वापरायचो, ग्राहकही जीसीसी वापरायचे, कुणाचंच काही अडलं नाही. हा ग्राहक मॅकवर होता. मॅकवर तुम्ही ‘जीसीसी’ अशी कमांड दिली तरी पाठीमागून उत्तर देतो तो क्लँग, हा वेगळाच कंपायलर. जीसीसीचे बरेचसे फ्लॅग क्लँगला कळतात, सगळे नाही. जो वॉर्निंगचा फ्लॅग कळत नाही त्याबद्दल तो एक वॉर्निंग देतो आणि पुढे चालू लागतो. प्रत्येक फाइलला, प्रत्येक अनोळखी फ्लॅगमागे एक. चार हजार ओळी अशा जमल्या.

आमच्या सिनिअरचा सल्ला सरळ होता. ‘व्हर्जन बघ आणि त्याप्रमाणे फ्लॅग लाव. त्यात काय एवढं?’

मी दोन दिवस घालवून एक कोष्टक केलं. कंपायलर कुठला, आवृत्ती कुठली, म्हणून कुठले फ्लॅग. दिसायला सुरेख होतं. तिसऱ्या दिवशी ते कोसळलं, आणि तेही दोन्ही बाजूंनी. क्लँगला तू कोण म्हणून विचारायला जावं, तर जीसीसीशी जुळवून घेण्यासाठी तो स्वतःच्या मॅक्रोंतून, म्हणजे नावामागे ठेवलेल्या मजकुरातून, आपण जीसीसी ४.२ असल्याचं सांगतो. जीसीसी ४.२ निघाला २००७ साली. माझ्या कोष्टकाने त्याला म्हाताऱ्यांच्या रांगेत उभं केलं. दुसऱ्या बाजूला सेंटओएस ७, म्हणजे एक जुनं लिनक्स. त्यावरचा जीसीसी ४.८.५. ‘स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग’ हा संरक्षणाचा फ्लॅग अधिकृतपणे आला जीसीसी ४.९ मध्ये, २०१४ साली. म्हणून माझं कोष्टक म्हणालं, याच्याकडे तो नाही. पण सेंटओएसमागच्या रेड हॅट कंपनीने ती सोय मागे नेऊन आपल्या ४.८ मध्ये बसवली होती, आणि त्यांची स्वतःची पॅकेजं तोच फ्लॅग लावून बांधली जात होती. म्हणजे चालणारं संरक्षण मी ग्राहकाला नाकारत होतो, तेही फक्त आकडा बघून. आधार कार्डावरचं वय बघून माणसाला पोहता येतं का ते ठरवायचं, तसला हा प्रकार.

पोहता येतं का हे कळायला त्याला पाण्यात उतरवायला हवं. कॉन्फिगर स्क्रिप्टची मूळ कल्पनाच ती. १९९१ मध्ये डेव्हिड मॅकेन्झी यांनी अशा स्क्रिप्ट घडवणारं ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं तेव्हा युनिक्सच्या इतक्या जाती होत्या की कुठे काय आहे याची यादी ठेवणं हाताबाहेर गेलं होतं. म्हणून यादी ठेवायचीच नाही, विचारायचं. स्क्रिप्ट ‘कॉन्फटेस्ट.सी’ नावाची चिमुकली फाइल लिहिते, कंपायलरला देते आणि तो काय करतो ते बघते. परतीचा कोड, म्हणजे काम संपल्यावर कंपायलर देतो तो आकडा, शून्य आला तर ‘यस’, नाहीतर ‘नो’. फाइल पुसून टाकते, पुढचा प्रश्न विचारते. आपण चहा आणायला जातो तेव्हा पडद्यावर ‘चेकिंग, चेकिंग’ म्हणून जे धावत असतं ते हेच.

आमच्याकडे ऑटोकॉन्फ होतंच, फक्त फ्लॅगच्या बाबतीत त्याला कुणी कामाला लावलं नव्हतं. मेसॉन हे दुसरं बिल्डचं साधन वापरलं असतं तर यातलं बरंच काही आयतं मिळालं असतं. पण मेसॉनला पायथन ३ लागतो, आणि आमच्या दोन-तीन ग्राहकांच्या मशीन इतक्या जुन्या आहेत की तिथे काही नवीन बसवा म्हटलं की सहा महिन्यांची पत्रापत्री. म्हणून आहे त्यातच करायचं ठरलं.

ऑटोकॉन्फच्या संग्रहात ‘एएक्स-चेक-कंपाइल-फ्लॅग’ नावाचा तयार मॅक्रो मिळतो. फ्लॅग द्या, चालला तर काय करायचं ते द्या, नाही चालला तर काय ते द्या. पहिल्याच दिवशी तोंडावर आपटलो. माझ्या लॅपटॉपवर हा संग्रह बसवलेला होता, बिल्ड सर्व्हरवर नव्हता. मॅक्रो सापडला नाही की स्क्रिप्ट घडवताना तक्रार व्हावी अशी आपली अपेक्षा. पण तो मॅक्रो जशाच्या तसा, नावासकट, तयार कॉन्फिगरमध्ये जाऊन पडला, आणि शेलने तिथे वाक्यरचना चुकली म्हणून आपटी खाल्ली. मॅक्रोची फाइल आमच्याच एम४ फोल्डरमध्ये आणून ठेवली, विषय संपला.

एम४ बद्दल मात्र दोन शब्द बोललंच पाहिजे. ऑटोकॉन्फ ज्या मॅक्रो भाषेवर उभं आहे ती १९७७ मधली, कर्निघन आणि रिची यांची. तिला स्वल्पविराम म्हणजे पुढचा अर्ग्युमेंट. आणि लिंकरकडे, म्हणजे कंपाइल झालेले तुकडे जोडणाऱ्या प्रोग्रामकडे, पाठवायचे फ्लॅग स्वल्पविरामानेच जोडलेले असतात: डब्ल्यू-एल, स्वल्पविराम, झेड, स्वल्पविराम, रेलरो. चौकटी कंसात न बांधता मी तो तसाच लिहिला. एम४ ने त्याचे तीन तुकडे केले, पहिल्याला फ्लॅग समजलं, आणि उरलेल्यांना ‘चाललं तर हे कर, नाही चाललं तर ते कर’ या जागांवर बसवलं. मग शेल तो तुकडा कमांड म्हणून चालवायला गेलं आणि अशी कमांडच नाही म्हणून ओरडलं. हे शोधण्यात माझी एक अख्खी दुपार गेली. चौकटी कंस विसरण्याबद्दल आमच्या टीममध्ये आता वडापावचा दंड आहे.

असो. संध्याकाळपर्यंत स्क्रिप्ट चालू लागली. मॅकवर चालवली. सगळे ‘यस’. लिनक्सवर चालवली. सगळे ‘यस’. मी खूश. मेक केलं, आणि मॅकवर पुन्हा त्याच चार हजार ओळी.

शेजारी आमची इंटर्न बसायची, सांगलीची, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. ती बराच वेळ माझ्या पडद्याकडे बघत होती. म्हणाली, ‘सर, हा नाही म्हणालेला तुम्ही कधी बघितलाय का?’

‘म्हणजे?’

‘आमच्या गल्लीत नंदीबैलवाला यायचा. पाऊस पडंल का, हो. पोरगं पास होईल का, हो. काही विचारा, गुबूगुबू वाजवलं की मान हलणारच. ह्याचं तसंच वाटतंय.’

मी हसलो, आणि मग हसू थांबलं. तिचं म्हणणं शब्दशः खरं होतं. क्लँग अनोळखी वॉर्निंग फ्लॅगवर वॉर्निंग देतो, एरर नाही. वॉर्निंग आली तरी परतीचा कोड शून्यच. स्क्रिप्ट फक्त परतीचा कोड बघत होती. कंपायलर तोंडाने नाही म्हणत होता, आणि आम्ही फक्त हलणारी मान बघत होतो.

होळी दोन दिवसांवर आली होती. तिने कीबोर्ड ओढला आणि यादीत एक ओळ वाढवली: डब्ल्यू-पुरणपोळी. कॉन्फिगर चालवलं. ‘कंपायलर डब्ल्यू-पुरणपोळी स्वीकारतो का... यस.’

यावरचा रूढ उपाय म्हणजे चाचणीपुरता ‘डब्ल्यू-एरर’ लावायचा. तो लावला की प्रत्येक वॉर्निंगची एरर होते, कोड शून्य येत नाही, उत्तर बरोबर मिळतं. त्या मॅक्रोमध्ये यासाठी चौथी जागाच ठेवलेली आहे: चाचणीच्या वेळी लावायचे जादा फ्लॅग. तिथे डब्ल्यू-एरर टाकला. क्लँगने पुरणपोळी नाकारली. इतर सात फ्लॅगही नाकारले. मॅकवरचा बिल्ड शांत झाला. हा डब्ल्यू-एरर चाचणीपुरताच, हे मात्र कटाक्षाने सांभाळावं लागतं. तो ग्राहकाच्या खऱ्या बिल्डमध्ये गेला तर उद्या नवा कंपायलर एखादी नवी वॉर्निंग शिकून येतो आणि कालपर्यंत बांधला जाणारा कोड अडून बसतो. असे टारबॉल मी स्वतः शिव्या देत बांधलेले आहेत.

आता जीसीसी. इथे मला वाटलं की काही करायचंच नाही, कारण अनोळखी वॉर्निंग फ्लॅग दिसला की जीसीसी सरळ एरर देऊन थांबतो. पण आमच्या यादीत काही ‘नो’वाले फ्लॅगही होते, म्हणजे अमुक वॉर्निंग देऊ नको असं सांगणारे. एका ठिकाणी ‘स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन’ची वॉर्निंग जीसीसी ८ पासून उगाच यायची, कारण लॉगरचा प्रोटोकॉलच ठरावीक लांबीच्या, शेवटी शून्य नसलेल्या स्ट्रिंगांचा आहे. म्हणून आम्ही ‘डब्ल्यू-नो-स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन’ लावला होता. सेंटओएस ७ वरच्या ४.८ ला ही वॉर्निंग माहीत असण्याचं कारण नाही. तरी तो ‘यस’ म्हणाला. डब्ल्यू-एरर लावूनही ‘यस’.

हा दोष नाही, जाणूनबुजून ठेवलेली रीत आहे, आणि कागदोपत्री लिहिलेली आहे. जीसीसी ४.४ पासून अनोळखी ‘नो’ फ्लॅग मुकाट्याने सोडून दिला जातो. विचार शहाणपणाचा आहे: जी वॉर्निंग मला येतच नाही ती देऊ नको असं कुणी सांगितलं, तर भांडायचं कशाला? पण पुढे एक मेख आहे. त्या फाइलमध्ये दुसरी एखादी वॉर्निंग किंवा एरर निघालीच, तर मात्र तो म्हणतो की अरे हो, हा फ्लॅगही मला कळला नाही. चाचणीचा प्रोग्राम चार ओळींचा आणि स्वच्छ. त्यात दुसरी वॉर्निंग निघणार कुठून? म्हणून चाचणीत तो कायम गप्प, आणि खऱ्या कोडमध्ये जिथे एखादी क्षुल्लक वॉर्निंग आहे तिथे तिच्या मागोमाग हजर. आमच्या बिल्ड सर्व्हरवर डब्ल्यू-एरर लावलेला असतो, तिथे तर एका वॉर्निंगच्या दोन एरर झाल्या.

उपाय कळला तेव्हा फारच सोपा वाटला. ‘नो’ काढून विचारायचं. डब्ल्यू-नो-स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन चालेल का असं विचारायचंच नाही. डब्ल्यू-स्ट्रिंगऑप-ट्रंकेशन माहीत आहे का ते विचारायचं, आणि ‘हो’ आलं तर ‘नो’वाला लावायचा. नंतर लिनक्स कर्नलच्या बिल्ड फाइली चाळताना दिसलं की तिथे फ्लॅग तपासायला ‘सीसी-ऑप्शन’ आहे आणि वॉर्निंग बंद करायला वेगळं ‘सीसी-डिसेबल-वॉर्निंग’ आहे, आणि ते नेमकं हेच करतं. मेसॉनच्या पोटातही हीच युक्ती आहे. आपण खड्ड्यात पडावं, उठून बघावं, तर शेजारी आधीच्यांनी लावलेली पाटी.

वॉर्निंगचे फ्लॅग मार्गी लागले. सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो स्टॅक-प्रोटेक्टरने, आणि त्यातून मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं.

तो करतो काय? फंक्शन सुरू होताना स्टॅकवर, म्हणजे फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत, लोकल बफर (डेटा ठेवायची जागा) आणि परतीचा पत्ता यांच्यामध्ये, एक गुप्त आकडा ठेवतो. फंक्शन संपताना तो आकडा जागेवर आहे का ते बघतो. कुणी बफरच्या पलीकडे लिहीत गेलं असेल तर परतीच्या पत्त्यापर्यंत पोचण्याआधी हा आकडा बिघडतो, आणि प्रोग्राम तिथेच थांबवला जातो. शेतात पिकापर्यंत जाण्याआधी जनावराचा पाय बांधाच्या काट्यांत अडकावा तसं. पण आकडा बिघडला तर बोंब मारायची कुणी? त्यासाठी एक वेगळं फंक्शन लागतं. ते कंपायलरमध्ये नसतं. सी लायब्ररीत किंवा तिच्या जोडीच्या लहान लायब्ररीत असतं. म्हणजे हा फ्लॅग कंपायलरला कळला एवढ्याने भागत नाही, लिंकरला ते फंक्शन सापडायला हवं.

आमचा एक ग्राहक ही लायब्ररी एका छोट्या बोर्डवर चालवतो. केंद्रावर सौर पॅनेलखालच्या पेटीत तो बोर्ड बसवलेला असतो. त्याच्यासाठी आम्ही लिनक्सच्या मशीनवर क्रॉस-कंपायल करतो, म्हणजे एका मशीनवर दुसऱ्यासाठी बांधतो. त्या टूलचेनची, म्हणजे कंपायलर-लिंकरच्या संचाची, सी लायब्ररी छाटून लहान केलेली, आणि हे फंक्शन त्यातून गेलेलं. कॉन्फिगरने विचारलं, स्टॅक-प्रोटेक्टर-स्ट्राँग चालेल का? कंपायलर म्हणाला, हो. शंभरेक फाइली मजेत कंपाइल झाल्या, आणि अगदी शेवटी लिंक करताना पन्नास ठिकाणी एकच तक्रार: हे फंक्शन कुठे आहे?

मी म्हटलं, ठीक आहे, चाचणी लिंकपर्यंत नेऊ. संग्रहात ‘एएक्स-चेक-लिंक-फ्लॅग’ आहेच. क्रॉस-कंपायल असल्यामुळे चाचणीचा प्रोग्राम चालवून बघता येत नाही, कारण तो बोर्डसाठी बनलेला असतो, पण लिंक करून तर बघता येतं. तो मॅक्रो लावला. उत्तर पुन्हा ‘यस’. बिल्ड पुन्हा शेवटी कोसळला.

हे मात्र मला अजिबात झेपेना. लिंक करून बघितलं, लिंक झालं, आणि तरी लिंक होत नाही? चाचणीचा प्रोग्राम छापून डोळ्यांसमोर धरला. त्यात होतं काय, तर रिकामं मेन, म्हणजे प्रोग्राम जिथून सुरू होतो ते फंक्शन. एकही बफर नाही. आणि स्टॅक-प्रोटेक्टर शहाणा आहे. ज्या फंक्शनमध्ये राखण्यासारखं काही नाही तिथे तो पहारा बसवतच नाही. साधा प्रकार बऱ्यापैकी लांबीच्या कॅरॅक्टर ॲरे असलेल्या फंक्शनांपुरता, स्ट्राँग प्रकार त्याहून व्यापक, लोकल ॲरे असला किंवा लोकल व्हेरिएबलचा पत्ता घेतला की लागू. रिकाम्या मेनमध्ये यातलं काहीच नाही. म्हणून ते बोंब मारणारं फंक्शन कुणी मागितलंच नाही, म्हणून लिंकर अडला नाही, म्हणून ‘यस’. दारात चोरच आला नाही, मग वॉचमन आहे की नाही ते कळणार कसं?

चाचणीच्या प्रोग्राममध्ये चौसष्ट अक्षरांचा बफर घातला. तरीही ‘यस’! कारण कंपायलरचा ऑप्टिमायझर, म्हणजे नको तो कोड छाटणारा भाग, चालू होता आणि बफर कुणी वापरत नव्हतं; त्याने तो उडवून लावला. शेवटी बाहेरून येणारी स्ट्रिंग त्या बफरमध्ये कॉपी केली आणि त्यातलं एक अक्षर परतीच्या कोडमध्ये वापरलं. म्हणजे कोड रिव्ह्यूमध्ये कुणी लिहिलं तर मी फाडून खाईन असला धोकादायक प्रोग्राम मुद्दाम लिहिला, आणि तेव्हा कुठे त्या टूलचेनने खरं उत्तर दिलं: नो. त्या दिवशी ‘नो’ वाचून मी टाळी वाजवली. लांबच्या टेबलावरून सिनिअरने विचारलं, ‘झालं का तुझं?’ मी म्हटलं, ‘नाही झालं, म्हणून तर आनंद आहे.’

रेलरोचीही हीच गत. तोही संरक्षणाचाच, पण लिंकरचा फ्लॅग, कंपाइलच्या चाचणीत त्याची परीक्षाच होत नाही. लिंकच्या चाचणीत मॅकचा लिंकर स्पष्ट सांगतो की झेड वगैरे मला माहीत नाही. तिथे त्रास पडला नाही.

पुढचा रिलीज गेला. दोन आठवडे शांतता. मग दुसऱ्या एका ग्राहकाच्या सुरक्षा टीमचा अहवाल आला: तुमच्या लायब्ररीत स्टॅक-प्रोटेक्टर नाही, रेलरो नाही, काहीच नाही. त्यांचं मशीन साधं, नवं लिनक्स, नवा जीसीसी. तिथे सगळं ‘यस’ यायला हवं होतं.

मी त्यांच्याकडून ‘कॉन्फिग.लॉग’ मागवला. ही फाइल लोक उघडत नाहीत, घाबरतात. हजारो ओळी असतात, खरं आहे. पण तिच्याइतकी प्रामाणिक फाइल दुसरी नाही. प्रत्येक प्रश्नाला कुठली कमांड चालवली, कंपायलर काय म्हणाला, परतीचा कोड काय, आणि नापास झालेला प्रोग्राम अक्षरशः काय होता, सगळं तिच्यात असतं. मी ‘स्टॅक’ शोधलं. उत्तर ‘नो’. वर बघितलं तर कंपायलरची तक्रार फ्लॅगबद्दल नव्हतीच. तो म्हणत होता, मेनची ही घोषणा प्रोटोटाइप नाही.

उलगडा झाला. त्यांच्या कंपनीत सगळ्या बिल्डना काही कडक वॉर्निंग सक्तीच्या होत्या. ‘सीफ्लॅग्ज’मध्ये, म्हणजे बांधणारा स्वतःचे फ्लॅग जिथे देतो तिथे, ‘डब्ल्यू-स्ट्रिक्ट-प्रोटोटाइप्स’ लावलेला. ऑटोकॉन्फ २.६९, म्हणजे २०१२ मधली आवृत्ती, चाचणीच्या प्रोग्राममध्ये मेनचे कंस रिकामे सोडते, त्यांत ‘काहीच घेत नाही’ असं सांगणारं ‘व्हॉइड’ लिहीत नाही. २०२० च्या २.७० मध्ये ते दुरुस्त झालं. पण कॉन्फिगर स्क्रिप्ट घडते ती टारबॉल बनवणाऱ्याच्या मशीनवर, आणि माझ्या मशीनवर २.६९ होतं. रिकामे कंस म्हणून एक वॉर्निंग, वर आम्ही लावलेला डब्ल्यू-एरर म्हणून तिची एरर, म्हणून सगळ्या चाचण्या नापास. कंपायलरला प्रत्येक फ्लॅग येत होता. प्रश्नपत्रिकाच चुकीची छापलेली होती.

आधी सगळ्याला ‘हो’ म्हणणारा नंदीबैल होता. तो दुरुस्त करताना मी सगळ्याला ‘नाही’ म्हणणारा सरकारी खिडकीवाला बनवून ठेवला. आणि हा जास्त वाईट, कारण ‘हो’ची चूक बिल्डमध्ये आवाज करते, ‘नाही’ची चूक काहीच करत नाही. बिल्ड शांत, टेस्ट हिरव्या, आणि दाराला कडी नाही.

याच सुमारास एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचं प्रकरण जगभर गाजलं. २९ मार्च २०२४ ला आंद्रेस फ्रॉइंड यांनी त्यातलं मागचं दार उघड केलं. मुख्य हल्ल्याचं पुष्कळ चर्वितचर्वण झालं, पण माझ्या मनात रुतून बसली ती एक छोटी गोष्ट. एक्सझेडच्या सीमेकच्या (हेही एक बिल्डचं साधन) फाइलमध्ये लँडलॉक हे सँडबॉक्सचं, म्हणजे प्रोग्रामला मर्यादेत कोंडून ठेवणारं, साधन आहे का हे तपासणारा एक चिमुकला प्रोग्राम होता, आणि त्यात एक एकटा पूर्णविराम घुसवलेला होता. त्या टिंबामुळे तो प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नव्हता. म्हणजे उत्तर कायम ‘नाही’, म्हणजे सँडबॉक्स कायम बंद, आणि कुणाला शंकाही येऊ नये. माझ्या हातून अजाणता झालं तेच तिथे कुणीतरी समजून-उमजून केलं होतं. ते टिंब मी किती वेळ बघत बसलो कुणास ठाऊक.

मग मी सरसकट डब्ल्यू-एरर काढून टाकला. त्याऐवजी नेमका नेम धरला. क्लँगला फक्त ‘अनोळखी वॉर्निंग फ्लॅग’ आणि ‘न वापरलेला अर्ग्युमेंट’ या दोन वॉर्निंगांची एरर करायला सांगता येतं. बाकीच्या वॉर्निंग वॉर्निंगच राहतात. जीसीसी हे दोन्ही ओळखत नाही आणि त्याला त्यांची गरजही नाही, म्हणून आधी त्यांचीच चाचणी घ्यायची आणि चालले तरच पुढच्या चाचण्यांना जोडायचे. चाचणीचे प्रोग्राम स्वतः लिहिले, ‘व्हॉइड’सकट. ग्राहकाच्या सीफ्लॅग्जना हात लावायचा नाही. आमचे फ्लॅग वेगळ्या नावाखाली, त्यांच्या आधी, म्हणजे मतभेद झाला तर त्यांचंच चालेल.

एक फजिती तरीही राहिली होती. ‘फॉर्टिफाय-सोर्स’ या आणखी एका संरक्षणाला ऑप्टिमायझेशन लागतं, ते बंद असेल तर ग्लिबसी या लिनक्सवरच्या सी लायब्ररीची हेडर फाइल वॉर्निंग देते. एक जण डीबगरसाठी ऑप्टिमायझेशन बंद करून बिल्ड करत होता, त्याच्याकडे फाइलीगणिक ही वॉर्निंग. आता ऑप्टिमायझेशन चालू आहे का हे आधी बघतो. आणि हे सगळं उकरताना एका जुन्या फंक्शनची चाचणी हेडर न घेताच लिहिलेली सापडली. पूर्वी घोषणा नसलेलं फंक्शन वापरलं तर सी कंपायलर कुरकुरून सोडून द्यायचे. क्लँग १६ आणि जीसीसी १४ पासून ती थेट एरर आहे. म्हणजे आणखी एक कायमचा ‘नो’ दबा धरून बसला होता.

इंटर्नची ओळ मी काढली नाही. तिला बढती दिली. आता खऱ्या फ्लॅगच्या आधी स्क्रिप्ट पुरणपोळीबद्दल विचारते. ‘नो’ आलं तर कंपायलरच्या ‘हो’वर विश्वास ठेवायचा. ‘यस’ आलं तर कडक पद्धतीने, म्हणजे ग्राहकाचे सीफ्लॅग्ज तेवढ्यापुरते बाजूला ठेवून आणि डब्ल्यू-एरर लावून, पुन्हा विचारायचं. तरीही ‘यस’ आलं तर वॉर्निंगचा एकही फ्लॅग लावायचा नाही. उलट बाजूने, कुठलाच फ्लॅग न लावता चाचणीचा प्रोग्राम एकदा बांधून बघायचा. तोच नापास झाला तर जागच्या जागी थांबून तसं सांगायचं. आणि शेवटी कुठलं संरक्षण लागलं, कुठलं नाही, याची चार ओळींची यादी छापायची. सुरक्षा टीमसाठी एक जादा पर्याय ठेवला: तो दिला आणि संरक्षण मिळालं नाही, तर कॉन्फिगर पुढे जातच नाही.

इंटर्न आता दुसरीकडे नोकरीला आहे. तिला मागच्या महिन्यात एक ईमेल पुढे पाठवला. एका ग्राहकाकडे जुनं युनिक्स आहे, त्यावर त्या विक्रेत्याचा स्वतःचा कंपायलर. ग्राहक परदेशातला, त्याचं इंग्रजी शिष्टाचाराचं. लिहितो की तुमच्या स्क्रिप्टनुसार आमचा कंपायलर ‘डब्ल्यू-पुरणपोळी’ला पाठिंबा देतो, दोन्ही वेळा ‘यस’ आलं आहे. पण ही वॉर्निंग नेमकं काय पकडते ते आम्हाला कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये कुठेच सापडलं नाही, कृपया मार्गदर्शन करावं.

तिचं उत्तर पाच मिनिटांत आलं. ‘सर, कटाची आमटी पण विचारून बघा.’